मोठे टायर घ्यायचे, तर रिम कुठली?

या पानावर आम्ही बहुधा घरातल्याच गोष्टी बोलतो. कधी गॅसची नळी, कधी मुलांची फी, कधी निकाहनाम्याची नक्कल. गेल्या महिन्यात मात्र मोहन्याहून एका भगिनीचं पत्र आलं आणि आम्हाला गाडीखाली वाकावं लागलं.

पत्र थोडक्यात असं. मुलगा सहा वर्षं मस्कतला होता. परत आला, साठवलेल्या पैशांत सुझुकीची जिम्नी घेतली. आता त्याला तिची चाकं बदलायची आहेत. टायर मोठे आणि रिमही रुंद, स्टेपनी धरून पाचही. दुकानदाराने सव्वा लाख सांगितले. भगिनी लिहितात, "मी इसराफ म्हणाले तर तो म्हणतो, अम्मी, अब्बांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कल्याणला न्यायचं असतं. उल्हासचं पाणी रस्त्यावर आलं तर या गाडीतून कसं नेणार? हे ऐकलं की माझं तोंड बंद होतं. तुम्हीच सांगा, ही चैन की गरज?"

एवढ्या पत्रावर घरबसल्या उत्तर देणं बरं वाटलं नाही. एका रविवारी कसाऱ्याच्या लोकलने आंबिवलीला उतरलो आणि रिक्षाने मोहन्याला गेलो. एनआरसीचा कारखाना २००९ पासून बंद आहे, पण रिक्षावाला पत्ता अजून त्याच्यावरूनच विचारतो. पत्रात ज्यांच्याबद्दल इतकं लिहिलं होतं ते अब्बा दारातच खुर्ची टाकून बसले होते. उभा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस. हाताला पट्टी होती, आदल्या दिवशीच डायलिसिस झालं होतं.

मुलगा समजूतदार आहे, हे आधी सांगून टाकतो. दिखाव्यासाठी गाडी उंच करणाऱ्यांपैकी तो नाही. ओमानमध्ये मित्रांबरोबर वाळूत गेलेला, टायरची हवा पंधरा पौंडांपर्यंत उतरवून टेकड्या चढलेला. तिथे रुंद टायर कामाला येतो, कारण वाळूला खाली तळ नसतो. टायर जितका पसरेल तितकी गाडी वर तरंगते. पण मुरबाडकडच्या वाटांवरचा पावसाळी चिखल म्हणजे वाळू नव्हे. वर चार बोटं राड आणि खाली टणक मुरूम. तिथे अरुंद टायर राड कापून खालची जमीन पकडतो, रुंद टायर राडीवरच घसरत राहतो. डांबरावर साचलेल्या पाण्यातही तेच, रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

जुनी जीप आठवा. तिला सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचे टायर असत, आजच्या नजरेला सायकलचे वाटावेत असे. त्या टायरांवर तिने अर्धं जग तुडवलं. आपल्याकडे ती १९४७ मध्ये मुंबईत जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. हे आम्ही सांगितलं तेव्हा मुलाला खरं वाटेना, अब्बांना मात्र ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येऊ. जिम्नीच्या टायरवर १९५/८० आर १५ असं लिहिलेलं असतं. १९५ ही टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. ८० म्हणजे रबराची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलीमीटर. १५ ही रिमची गोलाई, इंचात. १५ इंच म्हणजे ३८१ मिलीमीटर. त्यात वरखाली दोन्हीकडचं रबर मिळवा, म्हणजे ३१२. अख्खं चाक ६९३ मिलीमीटर उंच झालं. एवढा हिशोब सातवीतली मुलगी करते, आणि टायरच्या दुकानात जाण्याआधी तो घरातल्या प्रत्येकाने एकदा करावा.

मुलाच्या मनात २३५/७५ आर १५ होता. तोच हिशोब लावला तर तो ७३३ मिलीमीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे ४० मिलीमीटरनी मोठा. पण गाडी ४० मिलीमीटर उचलली जात नाही. चाकाचा मध्य वर जातो तो वाढीच्या निम्म्याने. उरलेली निम्मी वाढ मडगार्डकडे जाते. सव्वा लाखात गाडी जमिनीपासून वर किती आली? २० मिलीमीटर. अब्बांनी खिशातून पोलादी फूटपट्टी काढली, अंगठ्याने २० वर खूण धरली आणि लेकाला दाखवली. बोलले काही नाहीत.

या २० मिलीमीटरसाठी रिम का बदलावी लागते, ते नीट समजून घ्यायला हवं. खरे पैसे आणि खरा धोका तिथेच आहे.

पहिली गोष्ट रिमच्या रुंदीची. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. प्रत्येक टायरला किमान आणि कमाल किती रुंदीची रिम चालते ते ठरलेलं असतं, टायर कंपनीच्या तक्त्यात ते मिळतं. २३५/७५ ला किमान सहा इंच लागते. साडेपाचवर तो चढवला तर जातो, पण बूड आवळलं जातं आणि पोट सुटतं. मधली नक्षी झिजते, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि वळणावर गाडी डुलते. दुकानदार "बसतो की" म्हणेल. बसतोच, पण बसणं निराळं आणि चालणं निराळं. २१५/७५ आर १५ मात्र साडेपाच इंचांच्या रिमवर नियमात बसतो.

दुसरी गोष्ट ऑफसेट. हा शब्द ऐकला की लोक मान डोलावतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. साधं आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ मारा. रिम हबला जिथे टेकते ती जागा त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे. जिम्नीचा ऑफसेट अधिक ५ मिलीमीटर आहे, म्हणजे जवळजवळ मधोमध. मुलाला दाखवलेली रिम सात इंच रुंद आणि ऑफसेट उणे १५ ची होती. रुंदी दीड इंच वाढली, त्यातली निम्मी, म्हणजे १९ मिलीमीटर, बाहेरच्या बाजूला गेली. ऑफसेट २० ने बदलला, तोही बाहेर. एकूण ३९. चाकाची आतली कड होती तिथेच राहिली, बाहेरची कड दीड इंच बाहेर आली.

दिसायला ते झकास दिसतं, कबूल. पण गाडीचा भार आता बेअरिंगला लांबून ओढतो. घागर अंगाशी धरून उचला आणि मग हात लांब करून उचला, फरक खांद्याला कळतो. बेअरिंग लवकर वाजू लागतात, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं, ब्रेक मारताना एक चाक पाण्यात आणि एक कोरड्यावर असेल तर गाडी एका बाजूला ओढते. चिखल मडगार्डबाहेरून उडून मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जातो तो वेगळा.

तिसरी गोष्ट नटांची. जिम्नीला पाच नट असतात, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या जीपचं माप तेच, जिप्सीचंही तेच. त्यामुळे "काका, जीपची रिम पडलीय, लावून देतो" असं सांगणारे भेटतात. भोकं जुळली म्हणून रिम जुळली असं समजू नका. मधलं मोठं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, नटाची बूड रिमच्या खळगीशी जुळली पाहिजे. नट निमुळता आणि खळगी गोल असेल तर नट कितीही आवळा, शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. हबवर चकत्या लावून चाक बाहेर काढण्याचा उद्योग तर घरच्या गाडीला करूच नये.

आणि वजन पेलण्याची ताकद. टायरवर मापानंतर एक आकडा असतो, ९६ वगैरे. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो. नवा टायर घेताना हा आकडा आधीच्यापेक्षा कमी नको. रिमच्या मागच्या अंगालाही किलोचा आकडा कोरलेला असतो, शिवाय आयएसआयची खूण. दोन्ही नसतील तर रिम कितीही चकाकत असो, हात लावू नका. मारहाण होऊन रंगवलेली जुनी रिमही नको. अलॉय वाकते कमी, तडकते जास्त. खड्ड्यांच्या वाटेवर लोखंडी रिम चांगली, वाकली तर ठोकून घरी येता येतं. आमचं मत विचाराल तर ओबडधोबड रस्त्याला लोखंडी रिमच.

काही जण याच्या उलटं करतात. १८ इंची रिम घेतात आणि गाडी मोठी दिसते म्हणून खूश होतात. चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवायची तर रिम वाढली की रबर कमी होतं. दगडाचा मार रबराने खायचा असतो, तो रिम खाते. खराब रस्त्यावर रिम लहान आणि रबर जास्त, हा साधा हिशोब. म्हणून १५ ची रिम सोडू नका, असं आम्ही मुलाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं होतं.

मोठ्या चाकाचे बाकीचे परिणाम भराभर सांगतो. चाक सुमारे ६ टक्के मोठं झालं की इंजिनला तितकं जड पडतं. जिम्नीचं दीड लिटरचं इंजिन काही बैल नव्हे, माळशेज चढताना एक गियर खाली यावं लागेल. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवलं की टायर कुठे ना कुठे घासण्याची भीती असते. म्हणून ज्याला मोठा टायर लावायचाच आहे त्याने एकच टायर लावून, दोन्हीकडे पूर्ण वळवून, ओट्यावर चढवून पाहावं, मगच बाकीच्यांचे पैसे द्यावेत. स्टेपनीही त्याच मापाची हवी. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या मापाचं असलं की आतल्या दात्यांवर ताण येतो. आणि जिम्नीची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, तिचं वाढलेलं वजन त्या दाराच्या बिजागऱ्यांना सोसायचं असतं.

कायद्याचंही बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. मडगार्डच्या बाहेर दीड इंच आलेलं चाक कोणत्याही हवालदाराला लांबून दिसतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी तेच बघतो. पुस्तकात दिलेलं १९५/८० हेच माप या बाबतीत निर्धोक. त्याहून वेगळं काही लावायचं तर आधी विमा कंपनीला आणि कल्याणच्या आरटीओला लेखी विचारून, उत्तर फाइलला लावून ठेवा.

हे सगळं झालं तरी अम्मींचा प्रश्न तिथेच होता. पाणी आलं तर?

मुलाला आम्ही विचारलं, २० मिलीमीटरने किती पाणी पार करशील? तो हुशार, लगेच गप्प झाला. इंजिन हवा घेतं ती बॉनेटखालून. तिथे पाणी शिरलं तर इंजिनातली दांडी वाकते आणि गाडी जागेवर बसते. टायर बदलून हवेचं तोंड २० मिलीमीटरच वर जातं. शिवाय वाहत्या पाण्याला टायरची नक्षी कळत नाही. अमेरिकेचं हवामान खातं लोकांना वर्षानुवर्षं सांगतं की एक फूट वाहतं पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी मोठ्या गाड्याही. जिम्नी बाराशे किलोच्या आसपासची. हवेने भरलेले जाड टायर पाण्यात तिला जास्तच तरंगवतील.

आणि उल्हास काय करते हे या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. २६ जुलै २००५ विसरलेलं घर मोहन्यात सापडणार नाही. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पाण्याने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. जिथे रेल्वे थांबते तिथे आपण अब्बांना घेऊन गाडी घालायची?

मुलगा म्हणाला, "मग मी काय करू सर? घरात बसून बघत राहू?"

हा प्रश्न खरा होता, म्हणून त्यावर आम्ही टायरपेक्षा जास्त वेळ बसलो. यांची मुलगी कल्याणात दूध नाक्याला दिलेली आहे. डायलिसिस सेंटर तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आदल्या दिवशी येतो. इशारा आला की पाणी चढायच्या आत, कोरड्या रस्त्यावरून, आत्ताच्याच टायरांवर अब्बांना लेकीकडे नेऊन ठेवायचं. सेंटरमध्ये आधीच बोलून ठेवायचं की इशाऱ्याच्या दिवसांत पाळी एक दिवस अलीकडे मिळेल का. एखादी पाळी चुकलीच तर पाणी किती प्यायचं, काय खायचं नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन फ्रिजला चिकटवायचं. औषधं, फाइल आणि कपड्यांचा एक जोड अशी पिशवी जूनपासून भरलेली ठेवायची. तवक्कुल आहेच, पण उंट बांधण्याची हदीस आपल्या वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको.

अम्मी म्हणाल्या, "जावयाच्या घरी आठवडाभर? लोक काय म्हणतील?" अब्बा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "लोकांना डायलिसिस नाही. मला आहे."

आपा, तुमच्या पत्राचं उत्तर आता देतो. सव्वा लाखाच्या रिम आणि टायर ही गरज नाही. मुलाचा हेतू मात्र चैनीचा नाही, म्हणून त्याला इसराफ म्हणून झिडकारू नका. त्याच्या गाडीचे पुढचे दोन टायर झिजलेले आहेत, ते आम्ही पाहिलं. ते बदलणं मात्र गरज आहे. ओल्या रस्त्यावर माणूस वाचवते ती रबराची खोली. रिम आहे तीच ठेवावी. १९५/८० आर १५ मध्ये चांगल्या नक्षीचे टायर मिळाले तर प्रश्नच मिटला. नाही मिळाले आणि लेखी विचारणेला होकार आला, तर २१५/७५ आर १५ चा विचार करावा. तो बोलेरोचा टायर असल्याने कल्याणपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही दुकानात मिळतो, हा त्याचा मोठा गुण. गाडी त्याने ५ मिलीमीटर उंच होते, काटा दीड टक्का चुकतो, म्हणजे न चुकल्यासारखाच. घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन-चार वर्षं दुकानात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

निघताना मुलगा आम्हाला जिम्नीतूनच आंबिवलीला सोडायला आला. त्याआधी अब्बांनी त्याच्याकडून पाना मागवला आणि खुर्चीवरूनच चारही चाकांचे नट तपासून घेतले, समोरासमोरचे आळीपाळीने. मागच्या डाव्या चाकाचा एक नट पाव आटा सैल निघाला. "टायर बदललास की शंभर किलोमीटरनंतर परत आवळायचे," ते म्हणाले, "आणि मला दाखवायचे."

(पुढच्या अंकात: बाथरूममधला गॅस गिझर आणि बंद खिडकी. पत्रं महिन्याच्या १० तारखेपर्यंत पोहोचतील अशी पाठवावीत.)